श्रावणभाऊचा ॲम्प

तो पेचकस खिशात ठेव आधी, आयुष. लाइट गेली हाये, अंधारात काय उघडून पाहतं? बस खाली. नंदिनी, तूही बस. सतरंजी मोठी हाये, अन् गच्चीवर हवा बरी हाये. सिमेंटची धूळ रात्री जरा कमी उडते गडचांदुरात.

टोन पाहिजे म्हणता तुम्ही. सहा महिने झाले गिटार हातात घेऊन, धड चार कॉर्ड वाजत नाई, अन् ॲम्प्लिफायरमध्ये काय बदललं म्हणजे टोन सुधरन हे विचारायले माह्याकडं आले. मोबाइलवर कोण्या गोऱ्या माणसानं डबा उघडला, दोन कंडेन्सर काढले, दोन नवे घातले, डोळे मिटून मान हालवली. तुम्हाले वाटलं, आपणही करू. बोटं कच्ची, कान त्याच्याहून कच्चे, अन् दोष डब्याचा.

राग येऊ देऊ नका. मी तीस वर्षं गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये पोट्टे शिकवले. दुसऱ्याच्या कामाले हसायची सवय मले तिथीच लागली. ह्या गोष्टीत माह्या त्या सवयीचाही हिस्सा हाये, म्हणून सांगतो.

भूत-बित मानणारा माणूस मी नाई. आमच्या घरात छप्पन सालापासून कोणी मानत नाई. ज्याच्या अंगात येते त्याले मी तोंडावर हसत आलो. पण हे ज्याच्यासंगं झालं, त्याले मी स्वतः शिकवलं. तो उद्धट हाये. खोटा नाई.

चंदन त्याचं नाव. गडचिरोलीले बसस्टँडच्या मागं दुकान हाये त्याचं. ऑर्केस्ट्रावाले, नाटकवाले, जयंतीवाले, सगळ्यायचे ॲम्प अन् मिक्सर तोच दुरुस्त करते. हात असा की तीस वर्षांत तसा दुसरा मी पाह्यला नाई. अन् तोंड असं की गिऱ्हाईक मशीन ठेवून बाहेर जाऊन उभं राहे. कोणाचाही डबा उघडला की पहिले हसे. मंग विचारे, "हे कोण्या गाढवानं केलं?" कधी कधी ते गाढव समोरच उभं असे.

ते वाक्य त्यानं माह्यापासून उचललं होतं. वर्गात मी रोज म्हणत होतो.

तं आयका. दोन हजार बावीसचा एप्रिल, बारा तारीख, मंगळवार. जयंती दोन दिवसावर. चंदन दुपारी चामोर्शीले गेल्ता, तिथल्या मंडळाचा मिक्सर बोलत नव्हता म्हणून. एक वायर तुटली होती. अर्ध्या तासाचं काम. मंडळाच्या पोट्ट्याले त्यानं एक तास शिव्या देल्ल्या अन् गाडीले किक मारली.

तेवढ्यात एका बाईनं हात करून थांबवलं. संघप्रिया. झेडपीच्या शाळेत मास्तरीण हाये. तिच्या ओट्यावर एक लाकडी पेटी ठेवली होती, वर धुतलेलं फडकं. तिचा बाप श्रावण, आरामशीनवर लाकूड कापे अन् रात्री भीमगीताच्या पार्टीत गिटार वाजवे. पंचवीस वर्षं वाजवली. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात गेला, दवाखान्यात ऑक्सिजनवर. हा ॲम्प त्यानं स्वतः बनवला होता. जुन्या रेडिओचे दोन व्हॉल्व, ते लाल होऊन जळणारे काचेचे, आठ इंची स्पीकर, सागाच्या फळ्या. बस एवढंच.

"चौदाले मी वाजवणार हाव," संघप्रिया म्हणाली. "दोनच गाणे येतात मले. पण ह्याच्यातून खरखर येऊन राह्यली. तेवढी काढून द्या, भाऊ. बाकी काही बदलू नका."

"काऊन?"

"बाबानं आवाज ठरवला होता. दहा-बारा वर्षं लागले त्याले. हे काढे, ते लावे, मंग आईले म्हणे आयक. आई म्हणे नाई, की पुन्हा काढे."

चंदन हसला. "बाई, तुमच्या बाबाले काय समजत होतं? हे रेडिओचं मढं हाये. याच्यात आवाज नाई, नुसता नाकातून कुंथते."

तिनं फडकं घडी करून पेटीवर ठेवलं अन् एवढंच म्हणाली, "त्याचाच आवाज पाहिजे मले."

आता मी श्रावणले ओळखत होतो का? ओळखत होतो. एकदा आयटीआयमध्ये आल्ता माह्याकडं, हाच डबा सायकलले बांधून. एक कंडेन्सर मिळन का विचारत होता. मी नकाशा मागतला सर्किटचा. नाई म्हणे. मंग मी वर्गासमोर त्याले अर्धा तास शिकवला. शेवटी म्हटलं, बापा, इलेक्ट्रॉनिक्स कानानं होत नाई. सगळे पोट्टे हसले. तो पण हसला. म्हणाला, "पण सर, आयकतात तं सारे कानानंच ना जी."

मी त्याले कंडेन्सर देल्ला नाई.

त्या मंगळवारच्या रात्री चंदन ती पेटी घेऊन आपल्या घरी होता. बायको माहेरी, आरमोरीले. घर दोन खोल्याचं. आतल्या खोलीत त्याची माय बायनाबाई खाटेवर, समोरच्या खोलीत ह्याचं टेबल. गर्मी अशी की भिंतीले हात लागत नव्हता. मधला दरवाजा हवेसाठी उघडाच.

नऊ चाळीसले त्यानं डबा उघडला. वेळ मले पक्की माहीत हाये, कारण आम्हा मेकॅनिक लोकायच्या ग्रुपवर त्यानं फोटो टाकला. आत एका कंडेन्सरच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा, जसे माकडिणीले पिल्लं चिपकतात. सोल्डरचे, म्हणजे वायरी जोडायच्या कथलाचे डाग, बोराएवढे जाड. स्पीकरकडून एक वायर उलटी पहिल्या व्हॉल्वकडं नेली होती. फोटोखाली चंदननं लिहिलं, "चामोर्शीचे शास्त्रज्ञ." बावीस जणायनं हसरे चेहरे टाकले.

तेविसावा मी होतो.

खरखर कशाची होती? व्हॉल्वच्या सॉकेटमध्ये गंज. कापसानं पुसला असता तं दहा मिनिटांत काम संपलं असतं. पण चंदनच्या हाताले तेवढ्यानं चैन कुठून पडन? त्यानं माकडिणीची सगळी पिल्लं काढली. एकेक डाग वितळवून, एकेक तुकडा कचऱ्याच्या डब्यात. नवे कंडेन्सर, बारीक, चकचकीत. ती उलटी वायर कापून टाकली. नवा व्हॉल्व बसवला. सगळं पुस्तकाप्रमाणं. मी मार्क देल्ले असते तं पैकीच्या पैकी देल्ले असते.

मंग स्वतःची गिटार लावून एक कॉर्ड मारला. आवाज असा भरून आला की खिडकीची काच वाजली. तुमच्यासारख्या पोट्ट्यायले जो पाहिजे, तोच. अकरा वाजता त्यानं त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. लिहिलं, "म्हातारा असता तं पाया पडला असता."

त्याच्यावरही हसले लोक. मी तेव्हा झोपलो होतो.

अकरा वीस.

चंदननं गिटारची वायर काढली, गुंडाळली, खिळ्याले टांगली. ॲम्प चालूच होता, जरा तापू दे म्हणून. तो मटक्याजवळ गेला. पाणी प्यायला.

मागून खरखर आली.

तो वळला. सगळं नवं टाकलं, अन् खरखर? दोन पावलं आला. खरखर थांबली. मंग... एक तार वाजली.

गिटारची तार. खर्जाची, जाड. एकदा.

त्याची गिटार भिंतीले टेकून होती. वायर खिळ्यावर होती. ॲम्पले काहीच लागलं नव्हतं.

त्याले वाटलं, रेडिओ पकडून राह्यला. पकडते तसा व्हॉल्वचा ॲम्प कधी कधी, हे मीच शिकवलं होतं त्याले. तो हसला. बायनाबाईनं ते हसणं आयकलं. म्हणे, अर्धंच हसला.

तार पुन्हा वाजली. तीच. जराशी उतरलेली. मंग कोणी खुंटी पिळल्यासारखी हळूहळू चढली. थांबली. पुन्हा वाजली. आता सुरात होती. मंग दुसरी तार.

कोणी गिटार लावून राह्यलं होतं. घाई नाई काही. कार्यक्रमाच्या आधी लावतात तसं.

चंदननं स्विच बंद केला. व्हॉल्वचा ॲम्प एकदम बंद होत नाई, आवाज पाच-सात सेकंदांत विझत जाते. तो उभा राहून मोजत होता. दहा झाले. वीस झाले.

तिसरी तार.

त्यानं प्लग उपटला. दोन्ही व्हॉल्व विझले. स्विच बंद करूनही लाल होते, आता काळे झाले. काच करकरली थंड होताना.

चवथी तार.

आयुष, तू विचारू नको काही. मीही विचारलं होतं सगळं. आधी आयक.

पाचवी. सहावी. मंग शांत. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. अन् स्पीकरमधून एक माणूस बोलला. मोठ्यानं नाई. जवळ बसून बोलावं तसा. रागही नव्हता आवाजात.

"हे कोणी केलं, बापा?"

चंदनच्या हातात उपटलेला प्लग तसाच होता.

"हे... कोणी केलं?"

आता पाहा, हा पोट्टा पळाला असता तं मी समजलो असतो. माय होती घरात, दरवाजा होता, समोर रस्ता होता. तो पळाला नाई. मले विचारलं तं म्हणे, सर, पळाची लाज नव्हती. उत्तर न देता पळाची लाज वाटली. पहिल्यांदा कोणी मले विचारलं होतं.

तो म्हणाला, "मी केलं."



मंग ह्यानं कचऱ्याचा डबा जमिनीवर उलटा केला. भातशिते, चहापत्ती, त्याच्यातून एकेक तुकडा वेचला. पुसला. ओळीनं मांडला. सोल्डरिंगचं आयर्न तापवलं. घाबरला होता, पण हात शिकवल्याप्रमाणंच चालले. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट लपून राहू शकतात, म्हणून आधी मीटर लावला. शून्य. पुन्हा लावला. शून्य. पेचकसानं शॉर्ट केलं. ठिणगी नाई. तिसऱ्यांदा मीटर. शून्य.

मंग त्यानं हात आत घातला.

अन् हात धरला गेला.

मी त्याले दहा वेळा विचारलं, झटका होता का? तो म्हणे, नाई. झटका मले माहीत हाये, शंभर खाल्ले. हा हात होता. मनगटाच्या वरून धरलेला. लाकूड कापणाऱ्याचा असते तसा, खरबरीत. जोर नव्हता त्याच्यात. सर, तुम्ही नव्या पोट्ट्याचा हात धरून डाग द्यायले शिकवत होते ना... तसा.

आयर्न त्याच्या बोटात. बोटं त्याची. अन् हात दुसऱ्याचा चालून राह्यला होता.

पहिला तुकडा बसला. दुसरा त्याच्या पाठीवर बसला. एका जागी चंदननं बारीक, साफ डाग देल्ला, सवयीनं. हात थांबला. तो डाग वितळवला. पुन्हा देल्ला. जाड. बोराएवढा.

आतल्या खोलीत बायनाबाई जागी होती. ती म्हातारी कधी वाढवून सांगत नाई. तिनं मले एवढंच सांगतलं. "गुणवंतराव, पोरगा रातभर बोलून राह्यला होता. थांबून थांबून. दुसऱ्याचं आयकून घेऊन बोलते तसा. पण दुसरा मले आयकू नाई आला. अन् बोले काय? हो जी. नाई जी. बरं जी. माह्या पोरानं आतापर्यंत आपल्या बापालेही जी म्हटलं नव्हतं. मंग मी उठून पाह्यलंच नाई."

का नाई पाह्यलं, हे मी तिले विचारलं नाई.

पहाटे पाच वाजता कोंबडा ओरडला, तेव्हा हात सुटला. डबा बंद होता. कोणी बंद केला, ते चंदनले आठवत नाई. उजव्या हाताचा अंगठा अन् पहिलं बोट पांढरं पडलं होतं. त्याच्यात सुई टोचली तरी कळत नाई. आजही कळत नाई.

तेराले सकाळीच तो चामोर्शीले गेला. संघप्रियानं विचारलं, "काही बदललं का, भाऊ?"

"नाई जी, ताई," तो म्हणाला. "सॉकेट पुसलं."

चौदाच्या संध्याकाळी मीही चामोर्शीले होतो, दरवर्षीसारखं भाषणाले बोलावलं होतं मले. भाषणानंतर संघप्रिया उभी राहिली. गिटार तिच्या अंगाले मोठी दिसे. दुसऱ्या गाण्यात चुकली, थांबली, पुन्हा धरलं. मी हसायच्या तयारीत होतो, खरं सांगतो. पण समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाया एकदम चूप झाल्या. त्यायनं तो आवाज ओळखला होता. लहान, नाकातला, जवळ बसून बोलल्यासारखा. पंचवीस वर्षं तो ह्याच मांडवात होता. मी दरवर्षी त्याच वेळेस उठून चहा प्यायले जात होतो.

महिन्याभरानं चंदननं मले हे सगळं सांगतलं. मी काय केलं असन? हसलो. म्हटलं, त्रेचाळीस डिग्री गर्मी, पोट रिकामं, डोकं फिरलं. तूच रातभर बसून परत लावलं सगळं, मन खात होतं म्हणून. बोटाचं म्हणशीन तं नस दबली. चंदननं शर्टाची बाही खाली ओढली, चहाचे कप उचलले अन् धुवायले घेऊन गेला. त्यानंतर ग्रुपवर जाऊन मी माहा तो हसरा चेहरा काढायले गेलो. निघत नव्हता. उशीर झाल्ता.

लोक म्हणतात, चंदन सुधरला. कोणाचाही डबा उघडते अन् चूप बसते. सुधरला कशाचा? भ्याला. पण काम पहिल्याहून चांगलं करते, हे मले मान्य करावं लागते.

माह्या डोक्यातून मात्र जाईना. शिकलेला माणूस मी. म्हटलं, एकदा तो डबा स्वतः उघडून पाहू, सगळं चंदनच्याच हातचं हाये हे ओळखू, अन् विषय संपवू. डिसेंबरात एसटीनं गेलो चामोर्शीले. दुपारचे दोन वाजले होते. ओट्यावर लख्ख ऊन. संघप्रियानं पेटी आणून समोर ठेवली. म्हणाली, "जयंतीनंतर लावलाच नाई, सर. वर्षातून एकदाच काढते. लाइटची वायरही गुंडाळूनच हाये." ती चहा ठेवायले आत गेली.

मी मागची फळी काढली. आठ महिन्याची धूळ बसली होती. डाग सगळे जाड, राखाडी, थंड. चंदनचा हात मी हजारात ओळखीन. हे त्याचे नव्हते. तरी म्हटलं, असन, घाबरून बिघडला असन हात.

मंग मधला एक डाग दिसला. तो चमकत होता. नवा कसा, म्हणून मी वाकलो.

माह्या श्वासानं तो हालला.

सोल्डर वितळला तं दोन सेकंदांत गोठते. तीन घ्या, लय झाले. हा पातळ होता. थेंबासारखा थरथरत होता, जसं आयर्न आत्ताच उचललं.

मी खिशातून माचिसची काडी काढली. उलटं टोक, लाकडाचं, त्याले लावलं. टोक काळं झालं... अन् बारीक धूर निघाला.

प्लगसकट वायर माह्या पायाजवळ होती. गुंडाळलेली. तिच्यावर सुतळीची गाठ होती.